तीन दिवसांची गोल्फ स्पर्धा: तयारी करायची ती दुसऱ्या दिवसाच्या शेवटच्या नऊ होलची

प्रश्न थोडक्यात असा: वय 47, जालन्यात बियाण्यांचा व्यवसाय, हँडिकॅप (मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा ढोबळमानाने किती जास्त लागतात तो आकडा) 16. जानेवारीत पुण्याला तीन दिवसांची, 54 होलची हौशी स्पर्धा आहे. याआधीच्या स्पर्धांमध्ये पहिला दिवस छान गेला, पण दुसऱ्या दिवशी शेवटच्या नऊ होलमध्ये सगळं विस्कटलं. सोबतचे म्हणतात, मन कमकुवत आहे. नऊ आठवडे हातात आहेत. शरीर आणि मन, दोन्हींची तयारी कशी करायची?

तुमचं मन कमकुवत असतं तर ते पहिल्या दिवशी पहिल्या टीवरच, म्हणजे होल सुरू करायच्या जागेवरच, कळलं असतं. सगळे बघत असतात, नाव पुकारलं जातं, हात थरथरतात. सगळ्यात जास्त दडपण तिथेच असतं. तिथून तुम्ही नीट निघता, अख्खा दिवस चांगला खेळता आणि बिघडता ते सत्तावीस होल पायाखालून गेल्यावर. मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः खेळतो आणि स्पर्धेला जाणाऱ्या हौशी खेळाडूंची तयारी करून घेतो. माझ्या पाहण्यात हा क्रम जवळजवळ ठरलेला आहे: आधी पाय थकतात, मग स्विंग मोडतो आणि मन सगळ्यात शेवटी खचतं. लोकांना दिसतं ते मात्र शेवटचं.

हे घडतं कसं ते बघा. मांड्या आणि नितंबाचे स्नायू थकले की कमरेतून वाकलेली बैठक टिकत नाही. क्लब (गोल्फची काठी) खाली येताना माणूस नकळत उभा होतो. मग चेंडूच्या मागे जमीन लागते, नाहीतर चेंडूच्या डोक्यावर फटका बसतो. असे दोन-तीन फटके गेले की पायांची कसर हात भरून काढू बघतात. ग्रिप आवळली जाते, बॅकस्विंग घाईत होतो, चेंडू उजवीकडे निघून जातो. त्यात दुपारची वेळ, पोटात काही नाही आणि पाणी कमी पडलेलं. अशा वेळी चिडचिड होणारच.

अठरा होल पायी खेळायचे म्हणजे 8 ते 10 किलोमीटर चाल आणि साडेचार-पाच तास उभं राहणं. तीन दिवसांचे 25 ते 30 किलोमीटर झाले. त्यात रोजचे नव्वदच्या आसपास फटके, तेवढेच सरावाचे स्विंग आणि प्रत्येक होलवर चार-पाच वेळा वाकणं. तुम्ही रविवारी संभाजीनगरला येऊन खेळता आणि नंतर सहा दिवस दुकानात, गोदामात किंवा गाडीत बसून असता. म्हणजे काल खेळलेल्या शरीराला आज पुन्हा खेळायचं असतं, ही गोष्ट तुमच्या शरीराने स्पर्धेतच पहिल्यांदा अनुभवली. सराव लागोपाठच्या दिवसांचा हवा. इतर सगळं यापेक्षा कमी महत्त्वाचं आहे.

त्याआधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन बीपी, साखर आणि ईसीजी बघून घ्या. पंचेचाळिशीनंतर चाल वाढवायची तर हे टाळू नका. कमरेतून पायात कळ जात असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील तर व्यायाम सुरू करण्याआधी दाखवा.

पहिले तीन आठवडे आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास भराभर चाला. मोती तलावाच्या बाजूने सकाळी चालत असाल तर तेच पुरे, फक्त वेग असा ठेवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. चौथ्या आठवड्यापासून शनिवार-रविवार हे दोन्ही दिवस जोडीने वापरायचे. शनिवारी अठरा होल पायी, रविवारी पुन्हा अठरा होल पायी आणि सोमवारी सकाळी तासभर चाल. शनिवारी खेळायला येणं जमत नसेल तर त्या दिवशी दोन-अडीच तास चाला, पण रविवार सोडू नका. कार्ट अजिबात नको. स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना एकदा शुक्रवार, शनिवार, रविवार अशी पूर्ण रंगीत तालीम करा. त्याच वेळेला उठायचं, तेच बूट घालायचे, तेच खायचं आणि तिन्ही दिवस कार्डावर खरा स्कोअर लिहायचा.

पुण्याच्या बाजूची काही मैदानं डोंगर-उताराची आहेत. चढाने दम लागतो, पण मांड्या मोडतात त्या उताराने, कारण उतरताना स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतो. आपल्याकडे याच्या सरावाला दौलताबादचा किल्ला आहे. पंधरा दिवसांतून एकदा वरपर्यंत जा आणि उतरताना गुडघे किंचित वाकवून, पावलं न आपटता सावकाश उतरा. पहिल्या खेपेनंतर दोन दिवस जिना उतरताना मांड्या दुखतील. तिसऱ्या खेपेपर्यंत ते जवळजवळ थांबतं. स्पर्धेच्या आधीचे दहा-बारा दिवस मात्र किल्ला नको.

आता एक चाचणी, जी मी प्रत्येकाकडून करून घेतो. टणक खुर्चीत ताठ बसा, गुडघे एकमेकांजवळ आणि काटकोनात. गुडघे न हलवता उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला जितकं जाईल तितकं न्या, मग डावं. समोरून कुणाला तरी मोबाइलवर फोटो काढायला सांगा. नडगी सरळ रेषेपासून 30 अंशांपर्यंतही जात नसेल, किंवा डावीकडे-उजवीकडे मोठा फरक असेल, तर तो सांधा आखडलेला आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं शरीर फटक्यानंतर डाव्या खुब्यावर फिरतं. तो खुबा फिरला नाही की तेवढं फिरणं कंबर आपल्या अंगावर घेते आणि कमरेच्या मणक्यांची रचना मुळात फार फिरण्यासाठी नाहीच. हौशी खेळाडूंच्या दुखण्यांत कंबर वरच्या क्रमांकावर असते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांमध्ये तर हे हमखास सापडतं.

त्याच खुर्चीत बसून छातीवर आडवी काठी धरा, गुडघे समोर स्थिर ठेवा आणि वरचं अंग दोन्हीकडे फिरवा. 45 अंशांपर्यंत आरामात फिरायला हवं. कमी पडत असेल तर रोज रात्री जमिनीवर कुशीवर झोपा, गुडघे पोटाकडे घ्या, वरचा हात उघडून पाठीमागे न्या आणि श्वास सोडत खांदा जमिनीकडे जाऊ द्या. दोन्ही कुशींवर आठ-आठ वेळा. खुब्यासाठी पाठीवर झोपून पाय रुंद ठेवा, गुडघे वाकवा आणि एकेक गुडघा आत पाडा. दहा मिनिटांचं काम आहे. नऊ आठवडे नेमाने केलं तर फरक पडतो, अधूनमधून केलं तर पडत नाही.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा पुरे: बैठका, एका पायावर उभं राहून कमरेतून वाकणं, टाचा उचलणं, कुशीवरचा प्लँक आणि दाराला रबर बँड बांधून ओढणं. मनगट आणि कोपरासाठी हलकं डंबेल सावकाश खाली सोडायचं, कारण सराव अचानक वाढला की कोपराच्या आतली बाजू दुखायला लागते. रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) एकाच दिवशी दोनशे चेंडू मारणाऱ्यांची कोपरं मी रोज बघतो. साठ चेंडू मारा, पण प्रत्येक चेंडूला वेगळं लक्ष्य घ्या आणि क्लब बदलत राहा. त्यातले निम्मे शंभर यार्डांच्या आतले असू द्या.

मैदानातल्या फरकाचाही विचार करा. आपली काळी माती पाऊस सरला की कडक होते आणि भेगाळते. अशा जमिनीवर चेंडू पडल्यावर लांब धावतो आणि आपल्याला ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबचं, अंतर आहे त्यापेक्षा जास्त वाटू लागतं. पुण्यात पाणी दिलेल्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यावर) तोच चेंडू जिथे पडेल तिथेच बसतो. म्हणून चेंडू हवेत किती जातो ते प्रत्येक क्लबचं मोजून लिहून ठेवा, धाव धरू नका. जानेवारीच्या थंड सकाळी चेंडू आणखी कमी उडतो, तेव्हा पहिल्या तीन-चार होलवर एक क्लब जास्त, म्हणजे जास्त लांब मारणारा, घ्यायचा. दवामुळे सकाळी ग्रीनही (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) संथ असतात आणि दुपारपर्यंत वेग धरतात. गवताचा कल बघायला शिका: चेंडूच्या मागून बघताना गवत चकाकत असेल तर ते होलच्या दिशेने झुकलेलं असतं आणि चेंडू जास्त धावतो. गडद, मंद दिसत असेल तर उलट. ज्यांचा सराव छावणी भागातल्या जुन्या पद्धतीच्या ब्राऊनवर, म्हणजे तेल घातलेल्या वाळूवर झाला आहे, त्यांनी निदान दोन दिवस आधी पोहोचून खऱ्या ग्रीनवर लांब पटचा (चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलण्याचा) सराव करावा.

दोन दिवस आधी पोहोचण्याचं दुसरं कारण प्रवास. जालना ते पुणे सुमारे 300 किलोमीटर, म्हणजे सहा तास बसून राहणं. खुब्याचे पुढचे स्नायू त्यात आखडतात. नेवासा फाटा आणि सुपा, दोन्हीकडे उतरा आणि दहा मिनिटं चाला. गाडी दुसऱ्या कुणी चालवली तर उत्तम.

सरावाच्या फेरीत स्कोअर लिहू नका. प्रत्येक होलला एकच प्रश्न विचारा: इथे चुकायचं झालं तर कुठे चुकलेलं परवडेल? बंकर (वाळूचा खड्डा) उजवीकडे असेल तर डावीकडचं रफ (वाढलेलं गवत) परवडतं. ते वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी दमलेल्या डोक्याला नव्याने विचार करावा लागला नाही, तर तुमचे निम्मे चुकीचे निर्णय तिथेच टळतील.

खाण्याचं म्हणाल, तर फेरीच्या दोन तास आधी आपलं नेहमीचंच: ज्वारीची भाकरी आणि अंडं, नाहीतर दही-पोहे. पुण्यात गेलो म्हणून सकाळी तर्रीवाली मिसळ नको. ती तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खुशाल खा. बॅगेत केळी, खजूर आणि शेंगदाणा-गुळाचे लाडू ठेवा आणि दर तीन-चार होलला थोडं खा, भूक लागण्याची वाट बघू नका. चौदाव्या होलला भूक लागली म्हणजे खाण्याची वेळ बाराव्यालाच टळलेली असते.

पाण्याच्या बाबतीत मराठवाड्याचा माणूस उन्हाळ्यात सावध असतो आणि हिवाळ्यात गाफील. कोरड्या थंड हवेत घाम लगेच उडून जातो, तहान लागत नाही, पण पाणी जातच असतं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास पाणी कमी झालं की एकाग्रता घसरू लागते. तुमच्या रंगीत तालमीत फेरीच्या आधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. म्हणजे तेवढं तरी तुम्ही मैदानावर जास्त प्यायला हवं होतं. दर दोन होलला एक पेलाभर पाणी आणि दुसऱ्या नऊ होलमध्ये मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस. ओआरएसची मोठी पुडी लिटरभर पाण्यातच विरघळवायची, अर्ध्या बाटलीत नाही. बीपी किंवा मधुमेह असेल तर मीठ-साखरेचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा.

आता मनाकडे येतो. सुरुवात आकड्यांपासून करू, कारण बरंच दुःख चुकीच्या अपेक्षेतून येतं. हँडिकॅप 16 म्हणजे पार 72 च्या (ठरलेले फटके 72 असलेल्या) मैदानावर ढोबळमानाने 88, असं तुम्ही धरता आणि 93 झाले की दिवस वाया गेला असं समजता. पण 2020 पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत तुमचा आकडा शेवटच्या 20 फेऱ्यांतल्या सर्वोत्तम 8 फेऱ्यांच्या सरासरीवरून निघतो. म्हणजे तो तुमच्या चांगल्या दिवसांचा आकडा आहे. तुमची सर्वसाधारण फेरी त्यापेक्षा तीन-चार फटके जास्तच असणार. तीन दिवसांत एक 88, एक 91 आणि एक 95 झाले तर तुम्ही तुमच्या ताकदीचंच खेळलात. हे स्पर्धेआधी कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी बाराव्या होलवर डबल बोगी (पारपेक्षा दोन फटके जास्त) झाली की ती या हिशेबात आधीच धरलेली आहे, हे आठवायला उपयोग होतो.

आणि एका दिवसावरून माणसाचं मन जोखू नये. उत्तर आयर्लंडचा गोल्फपटू रोरी मॅकिलरॉय एप्रिल 2011 मध्ये मास्टर्स या मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी चार फटक्यांच्या आघाडीने उतरला आणि त्या दिवशी 80 खेळला. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. दोन महिन्यांत माणूस बदलत नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या अदिती अशोकने चार दिवसांत 67, 66, 68, 68 अशा फेऱ्या खेळल्या आणि कांस्यपदकाच्या स्कोअरपासून एका फटक्याने चौथी आली. तिच्या पुढच्या-मागच्या खेळाडूंपेक्षा तिचा ड्रायव्हर बराच कमी जायचा. तिने अंतराच्या मागे न लागता चारही दिवस आपलाच खेळ खेळला. हौशी खेळाडूने अभ्यासायच्या फेऱ्या या आहेत.

पाच तास एकाग्र राहायचं, हा सल्ला सोडून द्या. ते कुणाला जमत नाही आणि प्रयत्न केला तर अठराव्यापर्यंत डोकं रिकामं होतं. लक्ष लागतं ते प्रत्येक फटक्याच्या आधी वीस-पंचवीस सेकंद. चेंडूच्या मागे उभं राहायचं, लांबचं एक बारीक लक्ष्य धरायचं, झाड नको तर झाडाची एखादी फांदी. एक श्वास घ्यायचा आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा, त्याने छातीतली धडधड उतरते. एक सरावाचा स्विंग, मग चेंडूपाशी जाऊन फार न रेंगाळता फटका. हा क्रम रेंजवरच्या साठही चेंडूंना तसाच हवा, तरच स्पर्धेत तो आपोआप होतो. फटका झाला, क्लब बॅगेत गेला की पुढच्या चेंडूपर्यंत गोल्फ बंद. बॅग उचलणाऱ्या कॅडीशी बोला, झाडं बघा, यंदा हरभरा कसा आहे ते विचारा.

वाईट होलनंतर काय करायचं, हेही आधी ठरवून ठेवा. माझा नियम सोपा आहे: डबल बोगी किंवा त्याहून वाईट झालं तर पुढच्या टीवर ड्रायव्हर बाहेर काढायचा नाही, ज्या क्लबवर सगळ्यात जास्त भरवसा आहे तो घ्यायचा. गेलेले फटके एका होलमध्ये वसूल करायला जाणं हेच तुमच्या दुसऱ्या दिवसाच्या पडझडीतलं दुसरं मोठं कारण असणार. पहिले कारण पाय. चालता चालता बेरीजही करू नका. होलचा आकडा लिहिला की कार्ड खिशात.

नियम माहीत असणं हीसुद्धा मनाची तयारीच आहे. चेंडू शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात, म्हणून शंका असेल तर आधी सांगून प्रोव्हिजनल (पहिला सापडला नाही तर वापरायचा) चेंडू मारा. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) नियमाबद्दल खात्री नसेल तर दोन चेंडूंनी होल पूर्ण करता येतो. कुठला चेंडू मोजायचा ते फटक्याआधी सोबतच्या खेळाडूला सांगा आणि कार्ड देण्याआधी समितीला कळवा. टीच्या वेळेला पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटके दंड, त्याहून जास्त झाला तर बाद. बॅगेत 14 च क्लब आहेत ना ते रोज सकाळी मोजा. आणि कार्डावर सही करण्याआधी प्रत्येक होलचा आकडा शांतपणे तपासा. एखाद्या होलला खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून सही झाली तर बाद व्हावं लागतं आणि दमलेल्या माणसाकडून नेमकं हेच होतं.

फेरीआधी चाळीस मिनिटं मैदानावर हवीत. दहा मिनिटं अंग गरम करा: भराभर चाल, पाय झुलवणं, वरचं अंग फिरवणं. ताणून धरून ठेवायचे व्यायाम तेव्हा नकोत, ते रात्री. मग वीस-पंचवीस चेंडू आणि उरलेला वेळ लांब पट. सकाळी गार असेल तर दोन पातळ थर घाला, एक जाड स्वेटर घातला तर खांदा फिरत नाही.

शेवटच्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा. चाल हलकी, ताकदीचा व्यायाम बंद, रोज थोडं चिपिंग-पटिंग (ग्रीनजवळचे आणि ग्रीनवरचे छोटे फटके). नवीन बूट, नवीन ग्रिप, नवा चेंडू, यूट्यूबवर पाहिलेली नवी युक्ती, काहीही नको. पेरणीच्या आदल्या दिवशी कुणी अनोळखी बियाणं उघडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पहिल्या दिवसाच्या आदल्या रात्री झोप नीट लागणार नाही हे गृहीत धरा आणि त्याआधीच्या चार रात्री लवकर झोपून ती भरून ठेवा. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने खेळ बिघडत नाही, पण लागोपाठ दोन रात्री अंगावर येतात.

म्हणूनच पहिल्या संध्याकाळची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पहिला दिवस छान गेलेला असतो, क्लबमध्ये जेवण असतं, मित्र भेटलेले असतात, ग्लास भरले जातात आणि झोपायला साडेबारा वाजतात. दारूने झोप लागते पण ती उथळ असते, आणि पाणीही जातं. तुमच्या विस्कटलेल्या दुसऱ्या दिवसांच्या आदल्या रात्री कशा गेल्या होत्या ते आठवून बघा. फेरी संपल्यावर तासाभरात वरण-भात किंवा दही-भात खा, दहा मिनिटं संथ चाला, मग भिंतीला पाय वर टेकवून पंधरा मिनिटं पडा. रेंजवर परत जाऊन स्विंग दुरुस्त करत बसू नका. तिथे दमलेला स्विंगच पक्का होतो. जेवणाला जा, भेटा आणि दहाला उठा. पायाला कुठे लाल झालं असेल तर फोड येण्याआधी त्यावर टेप लावा, बुटांचा दुसरा जोड आणि कोरडे मोजे सोबत असू द्या.

तिसऱ्या दिवशी पहिले सहा होल सावध खेळा. अंग जड वाटेल, स्विंग छोटा होईल. त्याला विरोध करू नका. एक क्लब जास्त घ्या आणि तीन-चतुर्थांश स्विंगने मारा. चौथ्या-पाचव्या होलपर्यंत पाय मोकळे होतात. आणि बक्षीस समारंभ आटोपला की त्याच संध्याकाळी गाडी काढून जालन्याला निघू नका. तीन दिवस दमलेल्या माणसाने रात्रीचे सहा तास गाडी चालवणं धोक्याचं आहे. मुक्काम करा, सकाळी अर्धा तास चाला आणि मग निघा.